पोरं मोर्चाला येतात, मग गायब होतात. तरुणांना पर्यावरणाच्या आणि हक्कांच्या कामात टिकवायचं कसं?

रानजाई
बरेच दिवस हा धागा काढायचं डोक्यात होतं. आम्ही गोरेगाव-जोगेश्वरी भागातले काही जण आरे कॉलनीतलं जंगल वाचवायच्या आंदोलनाच्या निमित्ताने एकमेकांच्या ओळखीचे झालो आणि नंतरही छोटंमोठं काम करत राहिलो, म्हणजे झाडं तोडायच्या नोटिसांवर लक्ष ठेवणं, आरेतल्या पाड्यांवरच्या लोकांचे पाण्याचे, दाखल्यांचे प्रश्न घेऊन वॉर्ड ऑफिसच्या चकरा मारणं वगैरे. अडचण अशी आहे की आमच्यात आता पन्नाशीच्या आतलं माणूस दुर्बीण घेऊन शोधावं लागतं. २०१९ मध्ये आरेच्या रस्त्यावर रविवारी कॉलेजची पोरंपोरी हातात हात धरून उभी असायची. ती गेली कुठे?

ज्यांना मुंबईबाहेर असल्यामुळे माहीत नाही त्यांच्यासाठी: मेट्रो ३ (कुलाबा-वांद्रे-सीप्झ) च्या कारशेडसाठी (गाड्या ठेवायच्या डेपोसाठी) ऑगस्ट २०१९ मध्ये पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने आरेतल्या २,६४६ झाडांना हात लावायची परवानगी दिली, त्यातली बरीचशी तोडायची आणि थोडी उपटून दुसरीकडे लावायची. त्याआधी ८० हजारांच्या वर हरकती आल्या होत्या, त्या गेल्या बाजूला. ४ ऑक्टोबरला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री कटर सुरू झाले, जमावबंदीचं कलम १४४ लागलं, २९ जणांना अटक झाली त्यात शिकणारी मुलंही होती. ७ तारखेला सुप्रीम कोर्टाने तोड थांबवली, पण तोपर्यंत २,१४१ झाडं गेली होती. मग सरकार बदललं, स्थगिती आली, कारशेड कांजूरमार्गला न्यायचं ठरलं, ते कोर्टात अडकलं, २०२२ मध्ये परत सरकार बदललं आणि कारशेड परत आरेत. आता मेट्रो धावतेय आणि मीही तिने जाते, ढोंगी म्हणायचं तर म्हणा.

माझा प्रश्न गर्दी कशी जमवायची हा नाही, ती जमते. टिकत का नाही हा आहे. आणि दुसरं म्हणजे "पर्यावरण" म्हटलं की मुलं खुशीत येतात, रोप लावतात, फोटो काढतात, पण "आदिवासींचे हक्क" म्हटलं की चेहरे बदलतात. आरेत २७ पाडे आहेत, कॉलनी १९४९ ला झाली त्याच्या कितीतरी आधीपासून वारली, कोकणा लोक तिथे राहतायत. त्यांना वगळून नुसती झाडं वाचवायची म्हणजे काय वाचवायचं? अनुभव असतील तर लिहा. उपदेश नको, तो घरी भरपूर मिळतो.

खवट_काका
टिकत नाहीत कारण रीलसाठी आलेले असतात. पाऊस, हिरवळ, हातात पोस्टर, पन्नास लाइक. लाइक संपले की पर्यावरण संपलं. आणि शेवटी मिळालं काय हो आरेतून? कारशेड तिथेच झाली ना? आमच्या वेळी गिरणी संपात

(पुढचं खोडलं, विषय भरकटेल.)

सनद_बाकी_आहे
काका, आधी तुमचं. ७ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाने सुट्टीत खास खंडपीठ बसवलं ते कुठल्या मोठ्या नेत्यामुळे किंवा जुन्या संस्थेमुळे नाही, कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं त्याची दखल घेऊन. तेव्हा मी बारावीत होते आणि ती बातमी वाचून लॉ ला जायचं पक्कं केलं, म्हणजे मिळालं काय विचारत असाल तर निदान मी मिळाले. शिवाय आंदोलनानंतर ८०० एकरच्या आसपास जागा राखीव वन झाली, तीही काही आकाशातून पडली नाही.

आता रानजाई ताई, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर, राग मानू नका. आम्ही टिकत नाही कारण आम्हाला काम देत नाही कोणी. शनिवारी या, उभे राहा, घोषणा द्या, पोस्टर तुमची चित्रकला चांगली आहे तर तुम्हीच करा, आणि इन्स्टाचं पेज सांभाळा कारण "तुम्हाला ते जमतं". मीटिंगमध्ये ठरवणारे मात्र साठीचे चार काका आणि दोन मावशी. एका ग्रुपमध्ये मी गेले होते (नाव घेत नाही), तिथे वर्षभर मला याचिकेचा एक कागद दाखवला नाही आणि मी लॉ ची विद्यार्थिनी! कागद मागितला तर "तू आधी अनुभव घे". अहो कागद वाचणं हाच अनुभव ना.

माझ्या मते पोरांना सगळ्यात जास्त धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे एक छोटं, पूर्ण स्वतःचं, सुरुवात आणि शेवट असलेलं काम. उदा. महाराष्ट्राच्या झाडांच्या कायद्याप्रमाणे (१९७५ चा, शहरी भागासाठीचा) झाड तोडायच्या आधी पेपरात जाहिरात द्यावी लागते आणि त्या झाडावर नोटीस चिकटवावी लागते, हरकतीला सात दिवस मिळतात. सात दिवस! ह्या नोटिसा कोण वाचतं? कोणी नाही. एका मुलाला एक वॉर्ड द्या. नोटीस आली की जाऊन झाड बघायचं, फोटो, घेर मोजायचा, वय किती असेल त्याचा अंदाज, नोटिशीत लिहिलेलं कारण जागेवर खरं वाटतं का ते बघायचं, आणि त्याच झाडाबद्दल पाच ओळींची हरकत द्यायची. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड हेरिटेज धरतात आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी रोपं लावायची अट आहे, म्हणजे वय नोटिशीत कमी लिहिलंय का हे तपासणं हे खरंखुरं महत्त्वाचं काम आहे आणि ते दुसऱ्या वर्षाची बॉटनीची पोरगी मस्त करू शकते. कॉपी पेस्ट केलेल्या हजार ईमेलपेक्षा अशा दहा हरकती बाजूला सारणं जड जातं असं माझं मत.

हे झाल्यावर माहितीचा अधिकार. दहा रुपये, एक विषय, दीडशे शब्दांची मर्यादा (हो आपल्या राज्यात आहे ती), उत्तराला तीस दिवस. पहिलं उत्तर हातात आलं ना की माणूस सोडत नाही, सवय लागते.

कोथरूडची_आई
वाचतेय, छान लिहिलंय, पण एक बाजू राहतेय. माझा मुलगा सतराचा. त्याला जाऊ द्यायला माझी ना नाही पण भीती वाटते हे लिहायला लाज कसली. बंगळूरची दिशा रवी, बावीसेक वर्षांची पर्यावरण कार्यकर्ती मुलगी, फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनाच्या एका टूलकिट (ऑनलाइन माहितीचा कागद) वरून देशद्रोहाच्या गुन्ह्यात अटक झाली, दहा दिवसांनी जामीन. त्याच्या आधी २०२० मध्ये फ्रायडेज फॉर फ्यूचर (हवामानासाठी मुलांची चळवळ) च्या इथल्या वेबसाइटवर पोलिसांनी नोटीस काढली त्यात चक्क यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा), का तर पर्यावरण मंत्र्यांना फार ईमेल आले म्हणून. नंतर ते कलम चुकून पडलं म्हणून मागे घेतलं. चुकून! आणि २०२२ मध्ये आरेच्या आंदोलनात लहान मुलं दिसली म्हणून बाल हक्क आयोगाने मुंबई पोलिसांना आदित्य ठाकरेंवर गुन्हा नोंदवायला सांगितलं. आता तुम्ही म्हणाल राजकारण आहे, असेल, पण आईने काय समजायचं? त्याचा पासपोर्ट व्हायचाय, पुढे पोलीस व्हेरिफिकेशन असतं.

सनद_बाकी_आहे
@कोथरूडची_आई भीती बरोबर आहे आणि ती "काही होत नाही गं" म्हणून उडवून लावणाऱ्या ग्रुपपासून मुलाला लांबच ठेवा. दिशा रवीच्या जामिनाच्या आदेशात मात्र कोर्टाने स्पष्ट म्हटलंय की सरकारी धोरणाशी मतभेद आहे एवढ्यावरून नागरिकाला गजाआड टाकता येत नाही, तो आदेश मुलाला वाचायला द्या, फार मोठा नाहीये. बाल हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला आहे, त्यात मुलांना मत मांडायचा आणि शांतपणे एकत्र जमायचा हक्क दिलाय (कलम १२ आणि १५). पण कागदावरचा हक्क आणि रात्री अकराला पोलीस स्टेशनच्या बाकावर बसणं ह्यात फरक आहे हे मला कळतं. म्हणून अठराखालच्या मुलांना संचारबंदीसारख्या ठिकाणी नेऊच नये, बाकी मोजणी, नकाशे, वाचन, भाषांतर सगळं करता येतं. आणि कुठल्याही ग्रुपने पोरं बोलवायच्या आधी वकिलाचा नंबर प्रत्येकाकडे द्यायला पाहिजे. एवढं करत नसतील तर ते तुमच्या मुलाला गर्दी म्हणूनच बोलवतायत.

प्राध्यापक_गेंगाणे
मी ज्युनियर कॉलेजला शिकवतो आणि थोडी पोलखोल करतो. वकील एम. सी. मेहतांच्या याचिकेवर १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करा म्हणून सांगितलं, उद्देश किती चांगला होता. आज त्याचं झालंय काय तर "ईव्हीएस प्रोजेक्ट". सिनियरची फाइल, नवीन कव्हर, पहिल्या पानावर पृथ्वी रडतेय असं चित्र. एकदा मला एकाच वर्गात "आमच्या परिसरातील नदी" वर अकरा प्रोजेक्ट आले, अकराही एकाच नदीचे आणि ती नदी आमच्या जिल्ह्यातच नाही. मार्क दिले. द्यावेच लागतात, वरून तसं असतं.

एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) चंही तेच, दोन वर्षांत २४० तास भरायचे, ग्रेस मार्क मिळतात म्हणून नाव घालायचं, दरवर्षी त्याच खड्ड्यात रोप. खड्डा आता अनुभवी झालाय.

पण म्हणूनच मला वरचा नोटीस-वाचन प्रकार पटला. हेच तास त्या कामात धरले तर? मी आमच्याकडे विचारून बघतो, प्राचार्य "हरकत" शब्दाला घाबरतील, "वृक्ष निरीक्षण" म्हणून घालता येईल.

खवट_काका
नाव बदलून घालणार! म्हणजे तुम्हीच शिकवणार पोरांना की हक्काचं काम लपवून करायचं असतं. वा मास्तर.

प्राध्यापक_गेंगाणे
काका, मुद्दा खरा आहे आणि बोचराही आहे. पण नोकरी मला करायचीय.

वैनगंगाकाठ
मी गडचिरोलीचा, धानोऱ्याकडचा. मुंबईवाल्यांनो एक गोष्ट सांगतो. आमच्या तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं गाव आहे, शंभरेक घरं, गोंड लोक. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली, ती सगळ्यांना पाठ आहे पण त्या गावाचं खरं गुपित घोषणा नाही, अभ्यासगट आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ह्यांनी तो चालवला. अभ्यासगटात कोणीही बसावं, बाहेरचाही, पोट्टे पण, बाया पण, एखादा विषय घ्यायचा, कायदा काय म्हणतो, जंगलात मध किती, बांबू किती, आणि चर्चा करायची. अभ्यासगट निर्णय घेत नाही! निर्णय ग्रामसभेत आणि तोही सगळ्यांच्या संमतीने, बहुमताने नाही. त्यामुळे अभ्यासगटात बोलायला भीती नसते, काहीही विचारा, चुकलं तरी गावाचं नुकसान नाही. लहान पोट्टे ऐकत ऐकत मोठे होतात आणि अठरा पूर्ण झाले की ग्रामसभेत आपोआप आलेच, तेव्हा त्याहिले "तरुणांचा सहभाग" म्हणून वेगळा कार्यक्रम लागत नाही.

ह्याचा फायदा काय झाला तर २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा गाव तयार होतं. २००९ मध्ये जवळपास १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात पहिल्या गावांपैकी. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना वनखातं देईना, म्हणून भांडत राहिले आणि २०११ मध्ये जयराम रमेश केंद्रात मंत्री होते ते स्वतः येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात देऊन गेले. त्यानंतर आजूबाजूच्या गावांचे दावे भरताना फोनमध्ये जीपीएस टाकून सीमेवरून चालणारे कोण होते? बारावी नापास, बीए झालेले घरी बसलेले पोट्टेच. म्हाताऱ्याला माहीत की सीमा कोणत्या मोहाच्या झाडापासून कोणत्या नाल्यापर्यंत आणि पोट्ट्याला माहीत फोन. दोघं संगं चालले तर नकाशा होतो. एकट्याचा होत नाही.

रानजाई ताई तुम्ही लिहिता पर्यावरण म्हटलं तर खुश आणि हक्क म्हटलं की चेहरा बदलतो. आमच्याकडे हे दोन शब्द वेगळे नाहीच. जंगल आमचं आहे हा हक्क आहे म्हणून जंगल राखतो. तुमच्या पोट्ट्यांना पाड्यावर न्या, पण मदत करायला नका नेऊ, शिकायला न्या. पाड्यावरचा माणूस शिकवेल आणि हे लिहून घेतील असं करा. मदत करायला गेलेला पोट्टा दोन महिन्यात कंटाळतो, काहून की त्याला वाटते आपण उपकार करून राहिलो.

रानजाई
@वैनगंगाकाठ हे वाचून थांबले जरा. आमचं पहिलं काम कायम कपडे वाटप आणि वह्या वाटप असतं, मुलं येतात, वाटतात, जातात. पाड्यांवरच्या लोकांकडे सातबारा नाही, काही घरं तर मेट्रोच्याच कामात हलवून इमारतीत नेली, आणि आम्ही वह्या वाटतोय. उलटं करून बघायला हवं. केलटीपाड्याच्या बाजूच्या एक आजी आहेत त्यांना पावसाळ्यातल्या रानभाज्या तोंडपाठ, मुलं त्यांच्याबरोबर एक सकाळ फिरली तर जागा कोणाची हा प्रश्न आपोआप निघेल.

सांगे_ते_पणजी
गोव्याहून नमस्कार. आमच्याकडे २०२० मध्ये मोले अभयारण्याच्या प्रकरणात तरुणच पुढे होते, रेल्वेचं दुपदरीकरण, हायवे रुंदीकरण आणि विजेची मोठी लाइन असे तीन प्रकल्प एकदम, लॉकडाऊनमध्ये पुढे रेटले गेले. तेव्हा बाहेर पडायला बंदी, म्हणून चित्रकार, आर्किटेक्ट, कॉलेजची मुलं, शास्त्राचे विद्यार्थी सगळे घरून कामाला लागले, कोणी चित्रं, कोणी गाणी, कोणी कीटकांची यादी, कोणी सरकारी अहवालातल्या चुका शोधून पत्रं लिहिली. १ नोव्हेंबरच्या रात्री चांदर गावात हजारो लोक रेल्वे रुळांपाशी जमले, काहींवर गुन्हेही झाले. आणि मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने रेल्वेच्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. म्हणजे खवट काका, मिळतं कधी कधी.

पण प्रामाणिक सांगायचं तर आमच्या धारबांदोडा, सांगे बाजूला ते पोस्टर सुरुवातीला परकेच वाटले. सुंदर होते, पण इंग्लिश. शेत ज्याचं जाणार त्याला कळेना की पणजीची पोरं नेमकी कुणाच्या बाजूने. माझ्या भाचीने मग कोकणीत आणि मराठीत एक साधं पान केलं, प्रकल्प कुठून जाणार, कुठलं गाव, कधीपर्यंत लिहून द्यायचं, बास. ते दुकानात चिकटवलं. त्याच्यावर जितकं बोलणं झालं तितकं वाघाच्या चित्रावर झालं नाही.

अनुस्वार
हे भाषेचं वर आलंच आहे तर माझी भर. २०२० मध्ये पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या (ईआयए) नियमांचा नवा मसुदा आला तो फक्त इंग्लिश-हिंदीत. दिल्ली हायकोर्टाने जूनच्या शेवटी सांगितलं की घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत भाषांतर करा आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. त्या काळात कितीतरी कॉलेजच्या मुलांनी आपापल्या भाषेत सारांश करून फिरवले, मी दोघातिघांचे तपासून दिले होते. एकीने "पब्लिक कन्सल्टेशन" ला "सार्वजनिक सल्लामसलत" केलं होतं, मी म्हटलं तुझ्या आजीला काय सांगशील, तर म्हणाली "गावाला विचारणं". तेच ठेवलं. ती मुलगी आज पण जनसुनावण्यांना जाते.

जनसुनावणीचा (प्रकल्पाबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायच्या सरकारी बैठकीचा) नियम माहीत नसतो लोकांना: निदान तीस दिवस आधी जाहीर करायची, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध हवा, जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यांच्या खाली नसलेला अधिकारी अध्यक्ष, आणि कोण काय बोललं ते नोंदवून तिथेच वाचून दाखवायचं. आता तो मराठी सारांश उघडून वाचा एकदा. मशीनमधून काढलेला, अर्थ लागत नाही. तो मूळ इंग्लिश अहवालाशी ताडून बघायचं काम मराठी आणि सायन्स दोन्हीची मुलं एकत्र बसून करू शकतात आणि फरक सापडला तर सुनावणीत उभं राहून सांगायला काहीतरी हातात असतं.

किरकिऱ्या
कायद्याचं एक राहिलं. स्वच्छ पर्यावरण हा मानवी हक्क आहे असं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने जुलै २०२२ मध्ये मान्य केलं, १६१ विरुद्ध शून्य, आठ तटस्थ. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात हवामान बदलाच्या वाईट परिणामांपासून संरक्षण हा कलम १४ आणि २१ मधून येणारा हक्क आहे असं म्हटलं. तेव्हा "पर्यावरण वेगळं, मानवी हक्क वेगळे" म्हणणाऱ्या प्राचार्यांना हे दाखवा. (मात्र त्याच निकालात सौरऊर्जेसाठी माळढोकच्या भागातली, वरून जाणाऱ्या विजेच्या तारांवरची जुनी सरसकट बंदी सैल झाली, म्हणजे हक्क सांगून पक्षी वाचतोच असं नाही. हेही मुलांना सांगा, सगळं गुळगुळीत करून सांगू नका.)

खवट_काका
चला, धाग्यावर एक तरी माणूस माझ्यासारखा आहे.

रानजाई
सगळ्यांचे आभार, बरंच मिळालं. आम्ही ठरवतोय ते असं: कपडे वाटप बंद. पी-दक्षिण आणि के-पूर्व वॉर्डातल्या झाडांच्या नोटिसा वाटून घ्यायच्या, एका वयस्क माणसाबरोबर एक तरुण, पण सही आणि पुढचा पाठपुरावा तरुणाच्या नावाने. आणि महिन्यातून एक अभ्यासगट, पाड्यावर, त्यांच्या सोयीच्या वेळी, ज्यात आम्ही ज्येष्ठ मंडळी पहिला तासभर बोलणार नाही. (हे सगळ्यात अवघड जाणार आहे, आमच्यात दोन निवृत्त हेडमास्तर आहेत.)

@सनद_बाकी_आहे नोटीस कशी वाचायची त्याचं एक पान करून देशील का? मराठीत, एकाच बाजूला.

सनद_बाकी_आहे
देते, परीक्षा संपली की. पण तीन अटी. पान माझ्या नावाने जाईल. अनुस्वार तपासून देतील. आणि मला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घेणार असाल तर सकाळचे गुलाबाचे फोटो टाकणाऱ्यांसाठी वेगळा ग्रुप काढा.

अनुस्वार
तपासते. फक्त "सदर वृक्ष" वगैरे आलं तर परत पाठवीन.

कोथरूडची_आई
पुण्यात असं कोणी करतंय का? मुलगा झाडाचा घेर मोजायला तयार आहे, विचारतोय टेप कुठला घ्यायचा.

सनद_बाकी_आहे
शिंप्याचा टेप चालतो. जमिनीपासून सव्वाचार-साडेचार फुटावर, साधारण छातीच्या उंचीला घेर घ्यायचा. वडाला दोन टेप लागतील.